रविवारी बंद पडणारा कॉम्प्युटर

नानांना एखादी वस्तू ‘बिघडली’ असं म्हटलेलं चालत नसे. पंखा फिरत नाही म्हणावं, दिवा लागत नाही म्हणावं, नळाला पाणी येत नाही म्हणावं. बिघडला म्हणू नये. अमळनेरला त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर मी भाडेकरू म्हणून राहायला आले, त्याच आठवड्यात खाली जाऊन सांगितलं, “नाना, गीझर बिघडलाय.” ते ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, “बिघडला हे तुमचं मत झालं, ताई. दिसलं काय ते सांगा.”

“पाणी तापत नाही.”

“लाल दिवा लागतो का?”

मी पाहिलं नव्हतं. “मग पाहून या,” ते म्हणाले. मी जिना चढून गेले, पाहिलं, खाली येऊन सांगितलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, मी पुन्हा वर गेले. असं बराच वेळ चाललं. आतून त्यांच्या बायकोचा, अक्कांचा, आवाज आला, “त्या पोरीला किती पळवता? जा ना तुम्हीच.” तेव्हा कुठे ते उठले. शर्टाच्या खिशात इतरांचं पेन असतं तिथे त्यांचा एक छोटा स्क्रूड्रायव्हर असे. तो काढून त्यांनी गीझरची एक तार घट्ट केली आणि मला म्हणाले, “तार ढिली होती. आता पुढच्या वेळी तुम्हाला माहीत असेल.”

गेल्या महिन्यात नाना गेले. मी अजून वरच्याच मजल्यावर राहते. खाली कुलूप आहे, तरी कॉलेजच्या ग्रंथालयातून संध्याकाळी परतले की ओट्यापाशी पाय अडखळतो. आज काय बंद पडलं आणि का, हे तिथे कुणीतरी विचारेल असं वाटतं.

ते विज्ञानाचे शिक्षक होते. आधी शिंदखेड्याकडच्या एका गावात, मग निवृत्त होईपर्यंत अमळनेरला. त्यांचा एक जुना विद्यार्थी एकदा पेढे घेऊन आला होता. तो सांगत होता की सर कधी मारत नसत, पण त्यांच्या तासाला उशिरा यायची सगळ्यांना धास्ती असे. दारात थांबवून ते विचारत, “उशीर का झाला?” मुलगा म्हणे, “सर, उशिरा उठलो.” “तो परिणाम झाला. कारण सांग.” मग रात्री उशिरा झोपलो, मग घरी पाहुणे होते, मग बहिणीला पाहायला आले होते, असं करत करत मुलाच्या घरची सगळी हकीकत वर्गाला कळे. “शेवटी खरं कारण निघालं की सर म्हणायचे, ठीक, बस जागेवर. शिक्षा नाही, काही नाही. पण सर, त्यापेक्षा छडी बरी होती.” नाना यावर हसले नाहीत. ते म्हणाले, “कारण सांगणाऱ्याला शिक्षा कशाला करायची?”

त्यांची पद्धत ठरलेली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि थांबायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दुरुस्ती होईल, पण कशामुळे झाली ते कळणार नाही. आणि न कळता झालेली दुरुस्ती त्यांच्या लेखी दुरुस्तीच नव्हती. मिक्सरला थाप मारून सुरू केलेलं त्यांना खपत नसे. एकदा अक्कांच्या वरण-बट्टीतल्या बट्ट्या कडक होऊ लागल्या, तर त्यांनी त्यावरही हाच प्रयोग लावला. एका खेपेला गहू बदलले, पुढच्या खेपेला चक्की बदलली, मग भट्टीचं तापमान. चक्की बदलल्यावर बट्ट्या मऊ झाल्या, असा निष्कर्ष निघाला. ही गोष्ट मला सांगताना अक्कांनी आवाज खाली केला. “मी तेल जास्त टाकं व्हतं,” त्या म्हणाल्या. “त्यासले सांगं नही.”

त्यांना एकच मुलगा. त्याला दोघंही भैय्या म्हणत. तो कॅनडात नोकरीला होता. मी राहायला आले त्याच्या पुढच्या वर्षी अक्कांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. त्या दवाखान्यात होत्या तेव्हा नानांनी मुलाला फोन केला. मी शेजारी उभी होते. नानांनी त्याला काय झालं ते नेमक्या शब्दांत सांगितलं आणि विचारलं, “कधी निघतोस?” पलीकडून काहीतरी उत्तर आलं. नाना म्हणाले, “का येता येणार नाही?” मग बराच वेळ ते ऐकत राहिले, पण ऐकण्यासारखं पलीकडून काही येत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. “कारण सांग,” ते म्हणाले. शेवटी त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, “कारण सांगता येणार नाही म्हणतो.”

त्या दिवसापासून ते मुलाशी बोलले नाहीत. रागाने काही म्हणालेही नाहीत. त्याचं नाव निघालं तर गप्प राहत, एवढंच.

अक्का घरी आल्या त्या पलंगावरच. हळूहळू शब्द परत आले, डावा हात चालू लागला, काठीने थोडं इकडचं तिकडचं ढकलता येऊ लागलं. उजवा हात आणि पाय मात्र तसेच राहिले. भैय्या दर रविवारी सकाळी आईशी बोलायचा. फोनच्या पडद्यावर अक्कांना तो दिसत नसे. नजर आधीच अधू होती आणि एका हातात फोन स्थिर राहत नव्हता. म्हणून नानांनी आपला जुना कॉम्प्युटर मधल्या खोलीत आणला. पलंगाच्या पायथ्याशी टेबल, त्याखाली कॉम्प्युटरचा डबा, वर मोठा पडदा, पडद्याच्या डोक्यावर चिकटवलेला छोटा कॅमेरा. मुलाचा चेहरा त्यात जवळजवळ खऱ्याएवढा दिसे. रविवारी नाना सगळं जुळवून देत, कॉल लागला की अक्कांच्या पाठीशी उशी सारखी करत आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसत. मुलाचा आवाज सुरू व्हायच्या आत ते खोलीबाहेर असत.

अक्कांना आठवडाभर दुसरं काही नव्हतं. सोमवारपासून त्या रविवारबद्दलच बोलत. आणि त्यातच त्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर मध्येच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला.

आधी तो कधीही बंद पडे. नाना बातम्या वाचत असताना, मी काही छापायला खाली गेले असताना. पडदा काळा होई, आत पंखा घुर्र करून थांबे आणि लगेच सगळं पहिल्यापासून सुरू. नानांनी त्याला पद्धत लावली. आधी भिंतीतलं सॉकेट बदललं आणि काही दिवस वाट पाहिली. मग यूपीएसची बॅटरी बदलली आणि वाट पाहिली. मग मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने पुसून पुन्हा बसवल्या आणि वाट पाहिली. प्रत्येक बदलानंतर ते मला जिन्यात गाठून सांगत, “आज एवढंच केलंय.” मी म्हटलं, “नाना, नवीनच घ्या ना. अक्कांचं बोलणं अर्ध्यात तुटतं.” ते म्हणाले, “कारण न कळता नवीन आणला, तर नव्यालाही तेच होईल.”

आत पलंगावरून अक्का म्हणाल्या, “तोवर मी ऱ्हासू का?”

मी राहते का तोवर, असं त्यांनी सहज विचारलं होतं, चहा आहे का विचारावं तसं. पण डॉक्टरांनी दुसऱ्या झटक्याची भीती घातलेली होती, ती घरात सगळ्यांना माहीत होती.  दुसऱ्या दिवशी नाना कॉम्प्युटरचा डबा गादीच्या खोळीत गुंडाळून एसटीने धुळ्याला घेऊन गेले.

धुळ्याला त्यांच्या ओळखीचे एक वयस्कर मेकॅनिक होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी डबा उघडून ब्लोअर मारला. आमच्या भागात जिनिंगच्या कारखान्यांतला कापूस हवेत उडतो, तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण पंख्यांना सापडतो. आतल्या पंख्यावर त्याचा जाड थर बसला होता. तो काढल्यावर कॉम्प्युटर दिवसभर चाचांच्या टेबलावर बिनतक्रार चालला. “मास्टरसाब, गरम हो रहा था बेचारा,” चाचा म्हणाले. “उसको हवा लगने दो.” नाना समाधानाने परतले. त्यांनी मला आणि अक्कांना बसवून कारण समजावून सांगितलं, आणि डब्याच्या बाजूचं झाकण मुद्दाम लावलं नाही. “आतून तापतो. त्याला हवा लागली पाहिजे,” असं ते अक्कांना म्हणाले.

सोमवार ते शनिवार कॉम्प्युटर उत्तम चालला. रविवारी अक्कांचं बोलणं रंगात आलं आणि तो बंद पडला. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. बंद पडला की अक्का हाक मारत, नाना धावत आत येत, आणि काही वेळाने सगळं पुन्हा नीट चालू असे, पण तोवर तिकडे भैय्याला झोपायची वेळ झालेली असे.

नानांना मी तेवढं हरलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी कॅमेरा बदलला, इंटरनेटची तार बदलली. आठवडाभर ते रविवारसारखाच कॉल माझ्या फोनवर लावून पाहत. मी वर, ते खाली, आम्ही एकमेकांशी हवापाण्याचं बोलत बसू, आणि काहीही बंद पडत नसे. एका शनिवारी त्यांनी मला ओट्यावर बोलावलं.

“ताई, उद्या कॉल चालू असताना तुम्ही आत बसा. नुसतं पाहा. बंद पडायच्या आधी काय होतं, तेवढं मला सांगा.”

मी कमी बोलते. कुणाला नाही म्हणायचं तर मला आठवडा लागतो. पण त्या दिवशी मी म्हटलं, “मी नाही बसणार, नाना. तुम्ही बसा.”

“मी कसा बसू?”

“जी गोष्ट पाहायची आहे ती तुमच्या मागे होते. धुळ्याहून आणल्यापासून तुम्ही खोलीत असताना तो कधी बंद पडलाय का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिक्षकाने फळ्यावरची स्वतःची चूक पाहावी तसं. मग म्हणाले, “बरोबर आहे.”

रविवारी त्यांनी नेहमीसारखं सगळं केलं. पलंगाशेजारच्या कूलरची टाकी काठोकाठ भरली. मे महिन्यात आमच्याकडे कूलरशिवाय माणूस बसू शकत नाही, आणि बोलणं संपेपर्यंत अक्कांना गार हवा मिळावी म्हणून रविवारी ते टाकी जरा जास्तच भरत. कॉल लावला, उशी सारखी केली. पण बाहेर न जाता ते भिंतीला टेकून, कॅमेऱ्यात येणार नाही अशा जागी, छोट्या स्टुलावर बसले. मी दारात उभी होते. अक्कांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

“जेवना का रे?” त्यांनी मुलाला विचारलं. तिकडे रात्र होती. तो जेवला होता. काय जेवलास, कुणी केलं, भात कच्चा राहिला का, असं चालू झालं. नाना डोळे मिटून ऐकत होते, की मुलाचा आवाज ऐकू नये म्हणून त्यांनी डोळे मिटले होते, मला सांगता येणार नाही.

थोड्या वेळाने अक्कांनी डाव्या हाताने काठी उचलली. बोलता बोलताच काठीचं टोक कूलरच्या पट्ट्यांना लावलं आणि एकेक पट्टी हळूहळू वळवली. स्वतःच्या अंगावरून हवा काढून त्यांनी ती टेबलाखालच्या कॉम्प्युटरकडे केली. इतकं सराईतपणे, की ते काम त्या बरेच रविवार करत असल्याचं कळत होतं. त्यांच्या कपाळावर लगेच घाम आला. त्या मुलाशी बोलत राहिल्या.

पट्ट्यांमधून पाण्याचे बारीक तुषार उडत होते. काठोकाठ भरलेली टाकी नेहमीच असे तुषार टाकते. ते सरळ उघड्या डब्यात जात होते.

नानांनी डोळे उघडले होते. कारण त्यांच्यासमोर होतं. चाचांनी सांगितलेली हवा, त्यांनी न लावलेलं झाकण, त्यांनीच भरलेली टाकी, आणि अक्कांनी स्वतः उकाड्यात बसून दिलेली हवा. पडदा काळा झाला की अक्का पट्ट्या परत आपल्याकडे वळवत असणार, आणि मग हाक मारत असणार. बंद यंत्राला हवा कशाला. म्हणून नानांना ते कधी दिसलं नव्हतं.

मला वाटलं, आता ते उठून कूलर बंद करतील. ते उठले. पण कूलरकडे गेले नाहीत. त्यांनी अक्कांना काही सांगितलंही नाही. ते कूलर आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले, पाठ कूलरकडे करून. तिथे उभं राहायचं म्हणजे कॅमेऱ्यासमोर येणं भाग होतं. पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीत त्यांचा खांदा आला आणि अर्धा चेहरा आला.

भैय्याचं बोलणं थांबलं. “नाना?” तो म्हणाला.

 नानांनी विचारलं, “तिकडे पंखा लागतो का सध्या?”

“नाही,” तो म्हणाला. “अजून थंडी आहे.”

“बरं,” नाना म्हणाले.

अक्का त्या दोघांकडे पाहत होत्या. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि कपाळावरचा घाम पदराने पुसला. त्या दिवशी कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. कॉल संपला तेव्हा नानांचा शर्ट पाठीवर पूर्ण भिजला होता. अक्कांनी विचारलं, “काय व्हतं त्याले?” आणि नाना म्हणाले, “काही कळलं नाही. आपोआप बरा झाला.”

मी त्यांच्या तोंडून असं वाक्य त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही.

दुपारी ते जेवायला बसले असताना मी अक्कांना विचारलं की हवा तिकडे का वळवली. त्या म्हणाल्या, “त्याले बी उकडस ना, माय. मना पोऱ्या त्यामा बोलस.” त्यांचा मुलगा ज्यात बोलत होता त्या यंत्रालाही उकडत होतं, एवढंच कारण.

त्यानंतर दर रविवारी नाना तिथेच उभे राहू लागले. झाकण लावलं असतं, टाकी थोडी कमी भरली असती, कॉम्प्युटर दुसऱ्या बाजूला सरकवला असता, तरी काम झालं असतं. मी एकदा जिन्यात हळूच म्हटलंही, “नाना, झाकण लावलं की झालं ना?” “लावतो,” ते म्हणाले. लावलं नाही. अक्का काठीने पट्ट्या वळवत, नाना पाठ भिजवून घेत, आणि बोलणं पुरं होई. अक्कांची समजूत होती की ते मुलाला पाहायला उभे राहतात. आधी ते हवापाणीच विचारत. मग भैय्या काही दुरुस्तीचे प्रश्न विचारू लागला. नळ गळतो, हीटरचा आवाज येतो. “बिघडलाय,” तो एकदा म्हणाला, आणि नाना लगेच म्हणाले, “बिघडला म्हणजे काय झालं?” अक्का तोंडाला पदर लावून हसल्या.

एका रविवारी बोलता बोलता अक्कांचा डोळा लागला. मी चहा घेऊन आत आले होते. कॉल आता संपवायला हरकत नव्हती, पण पट्ट्या यंत्राकडेच होत्या आणि नाना जागचे हलले नाहीत. भैय्या आईकडे पाहत राहिला. मग आवाज खाली करून म्हणाला की आईला झटका आला तेव्हा त्याची नोकरी गेलेली होती. तिथे राहण्याची त्याची कागदपत्रं अडकलेली होती. तेव्हा निघाला असता तर परत जाता आलं नसतं. हे आईच्या कानावर गेलं असतं तर ती त्या अवस्थेत काळजीनेच गेली असती, म्हणून तो काही बोलला नाही. आता सगळं मार्गी लागलं होतं.

नानांच्या मानेवरून पाणी ओघळत होतं. ते म्हणाले, “हे कारण झालं.” आणि थोडं थांबून, “मला सांगायचं होतंस. मी तिला सांगितलं नसतं.”

“तुम्ही?” भैय्या म्हणाला. “तुम्ही तर सगळ्यांना कारण सांगता.”

नाना झोपलेल्या अक्कांकडे पाहत राहिले.

अक्का त्या पावसाळ्याच्या शेवटी गेल्या. दुसरा झटका आलाच. पण भैय्या त्याआधी येऊन राहून गेला होता. त्यांच्या पलंगाशी बसून, पडद्याबाहेर, त्याने त्यांच्याकडून किती वेळा जेवणाची चौकशी करून घेतली असेल कोण जाणे. नाना त्यानंतर एकटेच राहिले. रविवारचे कॉल चालू होते. आता ते खुर्चीवर बसून बोलत, आणि खालून मला कधी कधी वादावादी ऐकू येई, कुठल्याशा पंपाच्या वायसरवरून.

गेल्या महिन्यात भैय्या नानांच्या दिवसांना आला, घर आवरायला थांबला. त्याने मला कॉम्प्युटरचं टेबल बाहेर काढायला मदतीला बोलावलं. मला वाटलं, त्याला आता सांगून टाकावं. नाना तिथे का उभे राहत, अक्का काय करत, हे जाणणारी मी एकटीच उरले होते, आणि ते माझ्याबरोबर जाऊ नये. मी सुरुवात केली.

त्याने मला मध्येच थांबवलं. “मला माहीत आहे, ताई,” तो म्हणाला. “कॅमेऱ्यात दिसायचं ना. आईची काठी दिसायची, नानांच्या केसांवर पाणी चमकताना दिसायचं. डबा उघडा ठेवलाय हे आईने आधीच सांगितलं होतं, म्हणून पहिल्याच दिवशी लक्षात आलं.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

त्याने टेबलाचं एक टोक उचललं, मी दुसरं धरायची वाट पाहिली.

“बोललो असतो तर त्यांनी झाकण लावलं असतं,” तो म्हणाला, “आणि बाहेर जाऊन बसले असते.”